पश्चिमेची भिंत

पोर्व्हेनिर म्हणजे भविष्य.
गावाला नाव देणाऱ्याने इथला वारा पाहिला नसावा.
तो सामुद्रधुनी ओलांडतो, गल्लीत वळतो,
आणि ज्याचं लाकूड उघडं
त्याच्या फळ्या एका हिवाळ्यात सोलून काढतो.
म्हणून इथल्या घरांना पत्र्याची कातडी,
नुसत्या छपराला नव्हे, चारी भिंतींना,
नागमोडी, जस्ताचा हात दिलेली,
वरून ज्याच्या त्याच्या ऐपतीचा रंग.

मी एकोणीस वर्षांची. हातमोजे मामाचे, दोन मापं मोठे.
एलेआसार मामा बोलायचा तो फक्त कामाचं:
छपरावर खिळा उंचवट्यावर मार, पाणी खालून निघून जातं.
भिंतीवर खळगीत, म्हणजे पत्रा लाकडाला धरून राहतो.
जोडाची कड वाऱ्याकडे पाठ करून बसव,
वाऱ्याला कड सापडली की घर सापडलं.
आणि तांब्याचा खिळा आणलास तर याद राख,
तांबं आणि जस्त एका घरात नांदत नाहीत,
एक दुसऱ्याला खातं.

(मामी कधीची पलीकडे, पुंता आरेनासला राहते.
मी काही विचारलं नाही.)

दोन्या झोर्कांची पश्चिमेची भिंत गंजली होती
गुडघ्याच्या उंचीपर्यंत, खाऱ्या वाऱ्याने.
नगरपालिकेचा माणूस रंगांची पट्टी ठेवून गेला,
तांबडा, पिवळा, बाटलीहिरवा, परवानगी एवढ्यांनाच.
त्या म्हणाल्या, सासऱ्यांच्या बोटीवर जो रंग उरायचा
तो या भिंतींना लागायचा.
परवानगी कुणाची घेणार, बोटीची?

खिळा उपटताना पत्रा किंचाळतो,
दात आंबतात.
पहिल्या पत्र्यामागे फळ्या, फळ्यांवर खळीने चिकटवलेलं वर्तमानपत्र:
लोकरीचे भाव, बोटींच्या वेळा,
कुणाचा तरी साखरपुडा.
दुसरा पत्रा. तिसरा.
चौथ्यामागे खिडकी.

अख्खी खिडकी. चौकट, कडी, चार तावदानं,
एकालाही तडा नाही.
खालच्या कोपऱ्यात एक माशी,
माझ्या आईहून वयाने मोठी असेल.

दोन्या झोर्का घरातल्या सपातांवरच बाहेर आल्या.
चव्वेचाळीस वर्षं या घरात,
आणि ही खिडकी त्यांना कुणी सांगितली नव्हती.
हाताचा आडोसा करून त्यांनी काचेतून आत पाहिलं
आणि मोठ्याने हसल्या:
अगं, माझ्याच कपाटाची पाठ!
लग्नातलं कपाट. पाठीवर सुताराने पेन्सिलीने केलेली बेरीज.
तीही चुकलेली.

मग खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या,
जे तिने पाहिलं असतं ते पाहत.
खाडी, धक्का, पुढे पाण्यावर एक राखाडी पट्टा,
पाऊस की पलीकडचा किनारा, कळत नव्हतं.
सासूबाईंनीच बंद करून घेतली असणार, म्हणाल्या.
सासरे बुडाले तेव्हा त्यांना दोनच कामं होती,
मुलं वाढवणं
आणि इथे न बसणं.

मामाने टोपी काढून डोकं खाजवलं.
ठेवायची तर चौकटीभोवती पत्र्याची पन्हळ घालावी लागेल,
दोन दिवस जास्त, पैसेही.
झाकायची तर संध्याकाळपर्यंत होईल.

त्यांनी आम्हाला माते पाजलं,
एकच भांडं, एकच नळी, तीन फेऱ्या.
दगडांखाली दाबलेले नवे पत्रे कुरकुरायला लागले होते.

झाक, त्या म्हणाल्या.
या वाऱ्यात खिडकी परवडायला माणूस श्रीमंत हवा.
पण तेवढ्या पत्र्याला खिळे नको. स्क्रू लाव.

मी लावले. चौदा.
प्रत्येकाखाली रबराची चकती.
लांबून पाहिलं तर भिंत एकसंध, बाटलीहिरवी,
माझ्या अंगठ्यावर मात्र त्या पत्र्याची बारीक रेघ.

निघताना त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला,
कपाटात ठेवते म्हणाल्या.
बिलात मामाने तो धरला नाही.